ही बस फोंड्याला थांबत नाही

वाचकाचं पत्र:

"सर, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका हायस्कुलात चौदा वर्षं कॉम्प्युटर शिकवते. संध्याकाळी घरी आठ-दहा मुलं पायथन शिकायला येतात. त्यांच्यासाठी मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. दोन वर्षांत १४० पानं झाली, आणि सातव्या प्रकरणाशी, म्हणजे फंक्शनशी, जी अडले ती चार महिने अडलेलीच आहे. मी इंजिनीअर नाही. बी.एस्सी. आणि त्यावर एक डिप्लोमा. एक सहकारी म्हणाले, प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर पुस्तक लिहायचा तुम्हाला अधिकार काय? घरचे म्हणतात, मुलं आता सगळं एआयला विचारतात, पुस्तक कोण वाचणार? एका प्रकाशकांना दाखवलं, तर त्यांना ४०० पानं हवीत आणि सगळे शब्द शुद्ध मराठीत. वर्गात मी बोलते तेव्हा मुलांना समजतं. रेंजमध्ये, म्हणजे पायथनला अमुकपासून तमुकपर्यंत आकडे घ्यायला सांगतो तिथे, शेवटचा आकडा का येत नाही असं कोणी विचारलं, की मी सांगते, ही बस फोंड्याची आहे पण फोंड्याला थांबत नाही, अलीकडच्या फर्मागुडीलाच उतरा. मुलं हसतात आणि विसरत नाहीत. पुस्तकात मात्र तसं जमत नाही. पुढे लिहू की सोडून देऊ? पहिली सहा प्रकरणं आणि सातव्याचं टिपण सोबत जोडलं आहे."
— एक शिक्षिका, डिचोली

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलं तुम्हाला टीचर म्हणत असतील. मी जुन्या वळणाचा माणूस, मला बाईच बरं वाटतं.

सहाही प्रकरणं वाचली. पत्र दोनदा वाचलं. आणि मग पत्रातलं ते बसचं वाक्य पुस्तकात शोधत बसलो. नाही सापडलं. रेंज तुमच्याकडे पान ५२ वर येते आणि तिथे लिहिलंय, "रेंज या फंक्शनमध्ये अंतिम मूल्य समाविष्ट केले जात नाही." बरोबर आहे. काना-मात्रा चुकलेला नाही. हे वाक्य वाचून मूल मान डोलावेल, पान उलटेल, दोनाचा पाढा छापायला घेईल आणि अठरावर थांबलेला पाढा घेऊन तुमच्याच दारात उभं राहील. मग तुम्ही त्याला फर्मागुडीला उतरवाल. मग मधल्या त्या पानाने काय केलं?

तुम्हाला वाटतंय तुम्ही फंक्शनशी अडलात. मला दिसतंय ते वेगळं. वर्गातल्या बाई पुस्तकाच्या उंबऱ्याशी येतात, चपला काढतात, पदर सारखा करतात आणि आत जाताना भलत्याच कुणीतरी होऊन जातात. पहिल्या सहा प्रकरणांत हे सोंग निभावलं, कारण व्हेरिएबल, इफ, लूप हे विषय व्याख्येवरही कसेबसे तरून जातात. फंक्शन तरत नाही. म्हणून तिथे गाडी रुतली.

अधिकाराचं आधी उरकून टाकू, कारण तो प्रश्न मला फार किमती वाटत नाही. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात आला. इथली भाषा, कोकणी, त्याची नव्हे, त्याच्या बापजाद्यांची नव्हे. तो ती इथे येऊन शिकला आणि तिचं व्याकरण लिहून ठेवलं, पुढे येणाऱ्या पाद्र्यांच्या उपयोगाचं. त्याच्यामागे १६४० मध्ये ते राशोलला छापलं गेलं. भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून आज त्याचं नाव घेतात. घरात बसून ती भाषा बोलणाऱ्या कुणाला ते लिहावंसं वाटलं नव्हतं, कारण त्यांना ती कुठे अडते हेच ठाऊक नव्हतं. तुमच्या सहकाऱ्यांना पायथन तुमच्यापेक्षा जास्त येत असेल. पण दहावीतलं मूल 'बरोबर' (=) आणि 'दोनदा बरोबर' (==) या चिन्हांत नेमकं केव्हा गोंधळतं, हे चौदा वर्षं कुणी पाहिलंय? तुम्ही. या पुस्तकाला तेवढा अधिकार पुरतो.

आता मुद्द्याचं. तुमचं पुस्तक पायथनच्या रचनेप्रमाणे लावलेलं आहे: डेटाचे प्रकार, ऑपरेटर, इफ, लूप, लिस्ट, डिक्शनरी. अधिकृत दस्तऐवजांत ही मांडणी चांगली शोभते, कारण तिथे माणूस काहीतरी शोधायला येतो. तुमच्याकडे येणाऱ्या मुलाला काय शोधायचं तेच माहीत नाही. त्याला फक्त कुठे अडलंय तेवढं कळतं. तेव्हा पुस्तक भाषेच्या क्रमाने लावू नका, अडण्याच्या क्रमाने लावा.

त्यासाठी एक वही घाला. संध्याकाळच्या वर्गात जो कुणी जी चूक करील ती ओळ जशीच्या तशी उतरवायची, दुरुस्त न करता, आणि खाली तुम्ही त्याला काय सांगितलंत ते तुमच्याच शब्दांत, कोकणीत सांगितलं असेल तर कोकणीत. दोन महिने. माझा अंदाज आहे की चुका वाटतात तेवढ्या तऱ्हेच्या निघणार नाहीत, त्याच त्या पंचवीस-तीस फिरून फिरून येतील. इनपुटने आलेलं वय आकडा समजून त्यात एक मिळवायला जाणं. इफच्या ओळीअखेर कोलन विसरणं. लूपच्या आत सरकवायची ओळ बाहेर राहणं. लिस्टमधला पहिला पदार्थ काढताना एक लिहिणं आणि दुसराच हातात येणं. ही वही म्हणजे तुमची अनुक्रमणिका.

पहिली चाळीस पानं तर हातासरशी काढून टाका. संगणकाच्या पिढ्या, चार्ल्स बॅबेज, इनपुट-आउटपुट साधनांची आकृती, द्विमान पद्धती. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या पुस्तकाला हा गणेशपूजनाचा विधी का लागतो मला कळलेलं नाही. तुमच्याकडे पहिला प्रोग्रॅम पान ४१ वर येतो. पोर तोवर झोपलं. पायथनचा इतिहास हवाच असेल तर तीन ओळींत: नेदरलँड्सच्या गीडो व्हॅन रॉसमने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत काम सुरू केलं, १९९१ मध्ये ते लोकांसमोर आणलं, आणि नाव घेतलं ते ब्रिटिश टीव्हीवरच्या मॉन्टी पायथन या विनोदी मंडळीवरून. सापाशी संबंध नाही. मुखपृष्ठावरचा तुमचा अजगरही म्हणूनच नको, मुलीने कितीही छान काढलेला असला तरी.

चाळीस पानांच्या जागी दुसरं प्रकरण चुकांचं घाला. एरर आली की मुलं वरून वाचायला लागतात, फाइलचे पत्ते आणि ओळींचे आकडे बघून घाबरतात आणि खिडकी बंद करतात. पायथनची तक्रार खालून वर वाचायची असते. शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते लिहिलेलं असतं, तिच्या वर कुठे. २०२१ च्या ३.१० या आवृत्तीपासून या तक्रारी बऱ्याच माणसात आल्या आहेत, कुठला कंस उघडा राहिला तेही सांगतात. आपली मुलं चौथीपर्यंत मराठीत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकलेली असतात. ती ओळ त्यांना वाचता येते, पण ती वाचायची असते हे कुणी सांगितलेलं नसतं. मूळ इंग्रजी ओळ जशीच्या तशी छापा, शेजारी तिचा अर्थ तुमच्या मराठीत. या एका प्रकरणासाठी लोक पुस्तक विकत घेतील.

आता तुमचं सातवं. तुम्ही पाठवलेल्या टिपणात सुरुवात अशी आहे: "विशिष्ट कार्य करणाऱ्या आज्ञांच्या संचास फंक्शन असे म्हणतात. फंक्शनचे दोन प्रकार आहेत." इथे मीही चार महिने अडलो असतो.

फंक्शनमध्ये मूल कुठे अडतं? डेफ लिहिण्यात नाही. पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट यांतल्या फरकातही नाही, तो फरक परीक्षकांना लागतो. मूल अडतं ते प्रिंट आणि रिटर्नमध्ये. ते बिलाचं फंक्शन लिहितं, आत दर गुणिले नग करतं आणि उत्तर प्रिंट करतं. पडद्यावर ३०० दिसतात. खूश. मग तुम्ही सांगता, आता दोन गिऱ्हाइकांच्या बिलांची बेरीज कर. ते बिल अधिक बिल लिहितं. पडद्यावर दोन्ही बिलं नीट उमटतात आणि खाली तक्रार येते की 'नन' आणि 'नन' यांची बेरीज होत नाही. मूल म्हणतं, टीचर, आकडा तर समोर दिसतोय! तुम्हाला हे वाक्य ऐकून किती वर्षं झाली?

त्याच वाक्याने प्रकरण उघडा. मग पोदेराला, म्हणजे आपल्या पाववाल्याला, बोलवा. सकाळी वाड्यावर पोदेराची सायकल येते, तिचा भोंगा पोंपों वाजतो. सगळ्या घरांना ऐकू जातं. पण पोंपों चहात बुडवून खाता येत नाही. त्यासाठी कुणीतरी दारात जाऊन पोई, म्हणजे पाव, हातात घ्यावी लागते. प्रिंट म्हणजे पोंपों, रिटर्न म्हणजे हातात आलेली पोई. ज्या फंक्शनमध्ये नुसता प्रिंट आहे ते वाजवून निघून गेलं, तुमची टोपली रिकामी. त्या रिकाम्या टोपलीला पायथन नन म्हणतं.

यानंतर लगेच तेच फंक्शन रिटर्न घालून पुन्हा, आणि त्याच्याखाली एक प्रश्न: रिटर्नच्या पुढच्या ओळीत प्रिंट लिहिलं तर छापलं जाईल का? उत्तर देऊ नका. आधी वहीत अंदाज लिही, मग चालवून बघ, असं सांगा. छापलं जात नाही, कारण पोई देऊन पोदेर पुढच्या घरी गेला. मुलाने अंदाज लिहिलेला असला तरच हे डोक्यात राहतं. नुसतं चालवून बघितलं तर, हां, असं आहे होय, म्हणून ते पुढे जातं. अंदाजासाठी पानावर दोन कोऱ्या रेघा सोडा. प्रकाशकांना त्या पानं फुगवणाऱ्या वाटतील, त्यांना पानं हवीच आहेत.

ग्लोबल व्हेरिएबल या प्रकरणात काढूच नका. लॅम्डा तर अख्ख्या पुस्तकात नको.

उपमांबद्दल एक सावधगिरी. उपमा कुठे फाटते ते लेखकाला आधी माहीत हवं. तुम्ही व्हेरिएबलला डबा म्हटलंय, सगळेच म्हणतात. आकड्यांपुरता डबा चालतो. मग पाचव्या प्रकरणात लिस्ट येते, एका लिस्टला दुसरं नाव देता, दुसऱ्या नावाने त्यात एक पदार्थ टाकता आणि तो पहिल्या नावातही दिसतो. दोन डबे होते ना? मग एका डब्यात टाकलेलं दुसऱ्यात कसं गेलं? तुम्ही तिथे "हे पायथनचे वैशिष्ट्य आहे" असं लिहून सुटलात. मलाही असं सुटायला आवडतं. पण पायथनमध्ये व्हेरिएबल हा डबा नाहीच, ते नाव आहे. आपल्याकडे पोराचं घरचं नाव बाबलो असतं, शाळेच्या पटावर वेगळंच. घरी बाबल्याचे केस कापले की पटावरचा विद्यार्थी केस कापूनच शाळेत येतो. पोर एक, नावं दोन. हे तिसऱ्या प्रकरणात आलं, तर पाचव्यात वैशिष्ट्य म्हणून हात झटकावे लागणार नाहीत.

शब्दांचं. प्रकाशकांचा शुद्ध मराठीचा आग्रह मी समजू शकतो, पण मान्य करू शकत नाही. व्हेरिएबलला चल, फंक्शनला फल, लूपला आवर्तन असं लिहिलंत तर मुलाला दोन भाषा शिकाव्या लागतील, एक पायथन आणि एक तुमची. ज्या शब्दाने ते उद्या परीक्षेत लिहिणार, मित्राला विचारणार, तो शब्द राहू दे. नाव इंग्रजी असलं तरी क्रियापद मराठी ठेवा म्हणजे वाक्य आपलं राहतं. लूप फिरतो. व्हेरिएबलला किंमत दिली. फंक्शनला हाक मारली, त्याने ओ दिली. 'कॉल' आणि 'रिटर्न'ला यापेक्षा चांगलं मराठी मला तरी सुचत नाही. आणि तुमची मराठी पुण्याची करायला जाऊ नका. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची लिस्ट, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या दरांची डिक्शनरी, हे तुमच्या वर्गात आहे तसं पुस्तकात येऊ द्या. (काजूच्या नीऱ्याचा, म्हणजे बोंडांच्या रसाचा, उर्राक आणि उर्राकची फेणी, हे एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्याला देण्याचं अगदी नेमकं उदाहरण आहे. मी कॉलेजात ते वापरायचो. तुम्ही शाळेत आहात, तुम्हाला वापरता यायचं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.)

लिपीचं प्रकरण मात्र शब्दांपेक्षा अवघड आहे, आणि मराठीत पायथनवर लिहिणाऱ्याला ते टाळता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या पानांत एक ओळ आहे: किंमत = १२०. ही तुम्ही चालवून बघितलेली नाही, पैज लावतो. पायथन ३ ला देवनागरीतलं व्हेरिएबलचं नाव चालतं, 'किंमत' त्याला मान्य आहे. पण प्रोग्रॅममध्ये लिहिलेला देवनागरी आकडा चालत नाही. एक या अक्षरावरच तो अडतो, हे चिन्ह मला अमान्य म्हणतो. गंमत अशी, की तोच १२० वापरणाऱ्याने इनपुटमध्ये देवनागरीत टाइप केला आणि तुम्ही तो मजकुराचा आकडा करणाऱ्या 'इंट'मधून काढलात, तर पायथन निमूटपणे त्याचा आकडा करून देतं. बाहेरून आलेला चालतो, घरातला चालत नाही. ही गोष्ट पुस्तकात चौकटीत टाका, मुलांना असल्या गोष्टी आवडतात.

तसंच लांबीचं. तुमच्या चौथ्या प्रकरणात शब्दाची लांबी मोजायचा स्वाध्याय आहे, पण सगळी उदाहरणं इंग्रजी. मराठी शब्द देऊन बघा. पणजी ही तीन अक्षरं, पायथन म्हणतं ४. डिचोली तीन अक्षरं, पायथनच्या लेखी ६. म्हापसाही आपल्या कानाला तीनच, पण पायथन ७ मोजतं, कारण तो प्रत्येक काना-वेलांटी आणि म्हा-मधला लपलेला हलन्तसुद्धा वेगळा मोजतो. पणजी उलटी करायला सांगितली, तर सुरुवातीलाच एक पोरकी वेलांटी लटकत येते. शब्द लावायला सांगितले तर केळ हा केसच्या आधी येतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमवारीत, ळ हा ल-च्या लगेच मागे बसलाय आणि आपल्या वर्णमालेत तो ह-च्याही पुढे. इंग्रजीतल्या पायथनच्या पुस्तकांना हे लिहायची गरजच नव्हती. तुमच्याकडे हे एक अख्खं प्रकरण आहे, आणि ते लिहिताना तुम्हाला कुणाचं तोंड बघावं लागणार नाही.

आणखी एक खोडी ऱ्य-ची. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन. दुसरी, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे. पायथनला विचारलंत तर ते वेगळे आहेत. आणि ते न दिसणारं चिन्ह व्हेरिएबलच्या नावात गेलं तर प्रोग्रॅम चालतच नाही. एका मुलाच्या फोनवर लिहिलेला प्रोग्रॅम चालेल आणि दुसऱ्याचा, अगदी तसाच दिसणारा, चालणार नाही. अशा वेळी मास्तराला वेड लागायची पाळी येते, मी त्या पाळीतून गेलोय.

म्हणून माझं मत असं: मजकूर आणि अवतरणातले शब्द देवनागरीत, व्हेरिएबलची नावं मराठीच पण रोमन लिपीत. किंमत, दर, नग, सगळं रोमनमध्ये. दर ओळीला कीबोर्ड बदलायचा त्रासही वाचतो. याला कमीपणा मानू नका. त्याच स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते मराठी ओव्यांचं, पण रोमन लिपीत, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. तडजोड जुनीच आहे.

आता छपाई. इथे मी स्वतःची फजिती सांगतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी मी सी भाषेवर मराठीत एक पुस्तक लिहिलं होतं. ३२० पानं. टाइपसेटिंग जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये झालं. मी मुद्रितं तपासली ती फक्त मराठी मजकुराची. पुस्तक हातात आलं तेव्हा बऱ्याच प्रोग्रॅममध्ये कोनी कंसांच्या जागी रफार आणि अनुस्वार बसलेले. दुसरी चूक तर सर्वस्वी माझीच. सगळे प्रोग्रॅम टर्बो सी या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर लिहिलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर कॉनिओ नावाची त्याची फाइल, पोटात पडदा पुसायची आज्ञा. कॉलेजात लिनक्स आलं आणि तिथल्या जीसीसी या कंपायलरने कॉनिओला ओळखच दाखवली नाही. मी सी शिकवतोय असं समजत होतो, शिकवत होतो एका कंपायलरच्या सवयी. त्या पुस्तकाची एक प्रत घरी उरलीय. सध्या तिच्यावर लॅपटॉप ठेवतात, हवा खेळती राहते.

तेव्हा: इन्स्टॉल कसं करावं याच्या पडद्यांची चित्रं छापू नका, ती सगळ्यात आधी शिळी होतात. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते. कुठल्या आवृत्तीवर सगळे प्रोग्रॅम चालवून पाहिले ते पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर लिहा. पायथन २ मध्ये प्रिंटला कंस लागत नव्हते, २००८ च्या पायथन ३ मध्ये लागायला लागले आणि तेवढ्यावरून कितीतरी पुस्तकांचा पहिलाच प्रोग्रॅम मोडला. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली, तरी तसली पुस्तकं रद्दीच्या दुकानांतून मुलांच्या हाती अजून येत असतात.

प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, हस्तलिखितात हाताने पुन्हा टाइप करू नका. छपाईला देण्याआधी सगळ्या फायली एकदा ओळीने चालवा. पायथनमध्येच डॉकटेस्ट नावाची सोय आहे, उदाहरण आणि त्याचं लिहिलेलं उत्तर जुळतं का ते ती तपासते. डीटीपीवाल्यांना तीन गोष्टी लिहून द्या. अवतरणचिन्हं सरळच राहू द्यायची. ती कलती झाली की छापील पान देखणं दिसतं, पण ई-प्रतीतून उचललेला प्रोग्रॅम चालत नाही. ओळीच्या सुरुवातीच्या चार मोकळ्या जागा म्हणजे शोभा नव्हे, पायथनमध्ये तो अर्थ आहे. आणि लांब ओळ आपल्या मनाने तोडायची नाही. डेमी आकाराच्या पानावर साडेचार इंचांची ओळ धरली, तर ९ पॉइंटच्या समान रुंदीच्या टाइपात साधारण ६० अक्षरं मावतात. पायथनवाल्यांचा एका ओळीत ७९ अक्षरांचा दंडक छापील पानाला लागू पडत नाही, तुम्ही ५५ वर थांबा.

४०० पानांचं काय करायचं? सी भाषेचं कर्निहन आणि रिची यांचं १९७८ चं पुस्तक सव्वादोनशे पानांच्या आसपास होतं. ते नवशिक्यांसाठी नव्हतं हे खरं, पण जाडीवरून कुणी त्याला हिणवलं नाही. तुमची ४० कमी होतील, चुकांची आणि लिपीची मिळून ५० वाढतील, १८० च्या आत सगळं बसेल. प्रकाशक नाहीच म्हणाले तर स्वतः काढा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन आहे. शंभर प्रती डिजिटल छपाईत काढा. पहिल्या शंभरांत चुका निघणारच, हजार छापून त्या घरात कशाला ठेवायच्या?

आणि एआय. घरच्यांचं बरोबर आहे, मुलं विचारतात. पण पाढा अठरावर थांबला हे मशीनला सांगावं लागतं आणि त्यासाठी आधी ते आपल्या लक्षात यावं लागतं. मशीन दुरुस्त प्रोग्रॅम देतं, मूल तो चिकटवतं, पाढा वीसवर जातो. बस फोंड्याला का थांबली नाही हे त्याला कळलेलं नसतं. २०२१ पासून आपल्या शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्सची सरकारी योजना आलीय, म्हणजे तुमचा वाचक आता नववी-दहावीचाच नाही, सहावी-सातवीचाही आहे. त्याला घरी शेजारी बसून सांगणारं कुणी नसतं. एवढं मला पुरेसं कारण वाटतं. तुमच्या घरच्यांना नाही पटलं तर वाद घालू नका, सकाळी पाचला उठून लिहा.

सातवं प्रकरण लिहून झालं की लगेच मला पाठवू नका. संध्याकाळच्या वर्गात न येणारं एखादं मूल शोधा. त्याच्या हातात पानं द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. कठीण जाईल. ते कुठल्या ओळीवरून मागचं पान उलटतं तिथे समासात पेन्सिलने खूण करा. ते विचारील तरी सांगू नका, फक्त काय विचारलं ते लिहा. खुणा केलेली तीच पानं पाठवा, स्वच्छ प्रत नको.

तुमचा

ता. क. पान ५८ वरचा व्हाइल लूप कधीच संपत नाही. एकाने वाढवायची ओळ चार जागा डावीकडे सरकलीय. लगेच दुरुस्त करू नका. उद्या वर्गात तसाच द्या, आणि पहिल्यांदा कुणाला सापडलं आणि त्याने ते कुठल्या शब्दांत सांगितलं, तेवढं वहीत उतरवा.